त्रेचाळीस नंबर

१

दुपारी अडीच वाजले की तुयेच्या गोकुळदास परब सरांच्या घरात चीन सुरू व्हायचा.

म्हणजे टीव्ही बंद. पुढचा दरवाजा अर्धा लोटलेला. त्यांच्या पत्नी विनोदिनीबाईंनी स्वयंपाकघरात भांडं आपटायचं नाही. बाहेरच्या खोलीतल्या जुन्या टेबलाशी सर बसत, कानात इयरफोन घालत, शंभर पानी वही उघडत, रूळ धरून रेघा मारत आणि लाल पेनाचं टोपण काढत. पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला याहून मोठं सुख नसतं. तपासायला काहीतरी मिळालं होतं.

त्यांची एकुलती मुलगी ऋतिका चीनमधल्या एका शहरात मुलांना इंग्रजी शिकवायला होती. तीन वर्षं झाली होती. तिथल्या शिकवणीच्या एका वर्गात बेचाळीस मुलं, मागच्या भिंतीला काच, आणि काचेपलीकडे खुर्च्या टाकून बसलेले आईबाप, बाई नीट शिकवतात की नाही ते बघत. मुलं रोज रात्री घरी धडा वाचून त्याचं रेकॉर्डिंग पाठवत. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आत बाईंनी प्रत्येकाचं ऐकून मार्क द्यायचे. असे चार वर्ग. त्यातल्या एका वर्गाची रेकॉर्डिंगं ती मेलवर सरांकडे पाठवी. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. इथे साडेचार म्हणजे तिकडे सात, वर्गाची वेळ. तेवढ्यात वहीच्या पानाचा फोटो जायला हवा.

लेकीचा भार हलका करायला हे काम आपण मागून घेतलं, असं सर चारचौघांत सांगत. खरं तर ती नको नको म्हणत असताना त्यांनी ते ओढून घेतलं होतं.

तिकडे कुणाला ती गोव्याची आहे हे ठाऊक नव्हतं. भारतीय मास्तरणीकडून इंग्रजी शिकायला तिथले पालक पैसे मोजत नाहीत. पण सरांचा जन्म साठ सालचा, पोर्तुगीज अमदानीतला. त्यांनी तो रीतसर लिस्बनला नोंदवला, लेकीला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि पेडण्याची ऋतिका परब लिस्बनची मिस रीटा झाली. लिस्बन तिनं अजून पाहिलेलं नाही. कपाळावरची टिकली उतरली. त्यावर सरांनी एवढंच सांगितलं होतं, "उच्चार सांभाळ."

सरांचे दोन अभिमान होते. इंग्रजीत दहापैकी दहा मार्क त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. आणि न वाचता कुणाचा पेपर कधी तपासला नाही. बाकीचे मास्तर गठ्ठे कसे उडवतात ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं होतं.

२

श्रावणातल्या एका मंगळवारी बेचाळीसच्या ऐवजी त्रेचाळीस रेकॉर्डिंगं आली.

धडा तोच, एका म्हातारीचं मांजर हरवतं आणि सापडतं. चौदा वाक्यं. सर आता वाक्यांचा अर्थ ऐकतच नसत. शब्दाची शेपटं गिळलीत का, श्वास कुठे घेतला, एवढंच ऐकत. शिवाय प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचं घर ऐकू यायचं. कुणाचा टीव्ही, कुणाची आजी खेकसतेय, कुणाच्या खिडकीखाली गाड्या. नऊ नंबरच्या घरी रोज काहीतरी तळत असत.

त्रेचाळीस नंबरच्या पाठीमागे काहीच नव्हतं. एक मुलगी वाचत होती, नऊदहा वर्षांची असावी. आवाज बारीक, पण स्वच्छ. प्रत्येक वाक्य संपलं की लाकडावर दोनदा टकटक व्हायची. मग पुढचं वाक्य.

सर खुर्चीत सावरून बसले. पूर्णविरामाला दोन ठोके मोजून थांबायचं, ही त्यांची स्वतःची पद्धत होती. रुळानं टेबलावर ठोके देत त्यांनी अर्ध्या पेडण्याला तसं वाचायला शिकवलं होतं. म्हणजे पोरीनं आपली पद्धत तिकडे नेली तर! त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी नऊ मार्क दिले आणि फोटोबरोबर लेकीला लिहिलं की त्रेचाळीस नंबरवर तुझी मेहनत दिसते.

तिचं उत्तर वर्ग संपल्यावर आलं. "वर्गात बेचाळीसच पोरां आसत, बाबा. मी बेचाळीसच धाडलंय."

आणि थोड्या वेळानं आणखी एक. "ती टकटक मी खयच करी नाय. माका ती आवडी नाय. तुमका म्हायत आसा."

सरांनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, आणि फोन पालथा ठेवून चहा मागितला.

३

माणूस शिकलेला असला की त्याला कारणं सापडतात. सरांना तीन सापडली. मुलगी दुसऱ्या वर्गातली असेल. किंवा फाइल दोनदा चढली असेल. किंवा ऋतिका दमलेली आहे, तिच्या लक्षात नाही. यातलं कुठलंही कारण पटायला हरकत नव्हती. पण बुधवारी त्रेचाळीस नंबर पुन्हा आला. गुरुवारीही. सरांनी मेल नीट पाहिला. ऋतिकानं पाठवताना खाली आकडा लिहिला होता, बेचाळीस.

मुलगी रोज आदल्या दिवसापेक्षा चांगली वाचत होती. आदल्या दिवशी सरांनी वहीत जो दोष लिहावा, नेमका तेवढा दुसऱ्या दिवशी गेलेला असे. सर नवा दोष काढत. नऊ. पुन्हा नऊ. साडेनऊ.

शुक्रवारी सर फोन घेऊन सुदेशकडे गेले. सुदेश त्यांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. सर दिसताच तो उठून उभा राहिला. पोटापाण्याला लागलेला बाप्या माणूस, पण सरांपुढे अजून उभाच राहायचा.

"हां रेकॉर्डिंग खयसून येता, तां बघ मरे," सर म्हणाले.

सुदेशनं एक हात काउंटरवर टेकवून दुसऱ्या हातानं रेकॉर्डिंग लावलं. पहिलं वाक्य झालं. टक टक. त्यानं काउंटरवरचा हात खाली घेतला. सावकाश, स्वतःच्याही लक्षात न येता, आणि पाठीमागे नेला. पूर्ण धडा होईपर्यंत तो हात त्यानं पुढे आणला नाही.

"ही चीनची पोर न्हय, सर," तो म्हणाला. "ही तुमच्या हाताखालची."

"कसा शक्य आसा?"

"तां माका म्हायत नाय. पण आमी अशीच वाचू. भियान." मग तो ओशाळला आणि फोन पुसून परत देत म्हणाला, "आणि एक बघलास? धडो संपलो तरी रेकॉर्डिंग चालूच रवता. फुडे कोणतरी श्वास घेता."

सरांनी ते ऐकलं नव्हतं. चौदावं वाक्य झालं की ते बंदच करत. धडा तिथे संपतो.

४

रविवारी विनोदिनीबाई भावाकडे सत्यनारायण म्हणून कारापूरला गेल्या, दोन दिवसांसाठी. सरांचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. अडीचला ते बसले. बेचाळीस ऐकून झाली. मग त्यांनी त्रेचाळीस लावलं, आणि या खेपेला मुलीच्या पाठीमागे घर ऐकू आलं.

पंखा होता. फिरताना एकदा अडखळणारा, टक्क करून पुढे जाणारा. आणि लांबून, आतल्या खोलीतून, आदोळीवर नारळ किसल्याचा आवाज. खर्र, खर्र, खर्र. कुणीतरी जोर लावून किसत होतं, कधीचं, न थांबता.

सरांनी इयरफोन काढले. त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता, अडखळत. स्वयंपाकघर गप्प होतं. ते उठून आत गेले. आदोळी भिंतीशी आडवी पडली होती, कोरडी. नारळ सोललेलासुद्धा नव्हता.

सगळ्या जगात पंखे अडखळतात, ते स्वतःशी म्हणाले. चीनमध्येही नारळ मिळत असतील. हा युक्तिवाद त्यांना स्वतःलाच इतका केविलवाणा वाटला की ते चिडले. परत येऊन बघतात तर टेबलाच्या पलीकडचं स्टूल बाहेर ओढलेलं. कुणी बसलं असेल एवढंच. विनोदिनी झाडू मारताना ओढून गेली असेल. त्यांनी पायानं ते आत सारलं. स्टूल जड लागलं, म्हणून जरा जोर लावला.

वहीत त्यांनी लिहिलं, साडेनऊ. आवाज अजून मोकळा नाही.

५

आवाज इकडे मोकळा होत होता आणि तिकडे बसत होता. ऋतिकाचा घसा आठवडाभर धरला होता. पहिल्यांदा फोनवर ती घोगरी बोलली. मग कुजबुजल्यासारखी. मग फोन करणंच बंद झालं, नुसते मेसेज. डॉक्टरला घशात काही दिसत नव्हतं. वर्गात ती चित्रं दाखवून वेळ मारून नेत होती आणि काचेमागचे पालक तक्रार करत होते. सरांनी कळवलं की मास्तरकीत घसा बसतोच, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. त्यांनीही चौतीस वर्षं केल्या होत्या. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तो आत येऊ दिला नाही.

मग एका संध्याकाळी तिचा मेसेज आला. विनोदिनीबाई कारापूरहून परतल्या होत्या. त्यांनीच तो मोठ्यानं वाचला.

"चवथीक येतंय. तिकीट काडलंय. आई, माझी खोली झाड. बाबा, माका तुमका एक सांगूचा आसा. फोनार नाय. फुड्यात बसान सांगतलंय. तुमी फकत आयकायचा, मधी बोलायचा नाय."

गणपतीच्या तीन चवथी तिच्याविना गेल्या होत्या. विनोदिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि त्याच हातानं डब्यात नेवऱ्यांच्या सारणासाठी रवा किती आहे ते बघितलं. सर मात्र मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"काय सांगूचा आसतला तिका?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला.

विनोदिनीबाईंनी रव्याचा डबा घट्ट बंद केला.

"तुमका म्हायत नाय?" त्या म्हणाल्या. "धा वर्षांची होती ती. एकटी बस बदलीत कारापूरक मामाकडे गेली. भावान फोन केल्यान, गो विनू, पोरीच्या हाताची बोटां मिटनत नाय. तुमी काय म्हणालास? दारार आपटली. रुळाचा नाव नाय काडलास."

"मी तिका शिकयलंय. त्या वाचनारच आज ती पोट भरता."

"होय तर." त्यांचा आवाज चढला नाही. चाळीस वर्षांत तो कधी चढलाच नव्हता. "आणि मी आत बसान खोबरा किसी. नको थय, नको तितक्या. तिचा रडणा माका आयकूक येव नये म्हणान. तां पण ती सांगतली. माकाय सांगतली. सांगांदी. मी आयकतलंय."

अंगणातल्या नळाला पाणी आलं होतं, विनोदिनीबाई घागर घेऊन बाहेर गेल्या. सरांना साधी भीती वाटत होती. भुताची नव्हती. चवथीच्या दिवशी समोर बसून, डोळ्यांत बघून, शांतपणे बोलणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईची होती.

६

चवथीला नऊ दिवस उरले असताना त्रेचाळीस नंबरचं रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आलं.

धडा दीड मिनिटाचा. सर आकड्याकडे बघत बसले. अकरा मिनिटं सात सेकंद. धडा संपल्यावर जो श्वास घेतला जात होता, त्याच्या पुढचं सगळं आज आलं होतं. साडेनऊ मिनिटं. एवढ्या वेळात माणूस खूप काही सांगू शकतो. लहानपणापासूनचं सगळं सांगू शकतो.

त्यांनी इयरफोन घातले. बोट बटणावर ठेवलं. समोर, टेबलाच्या पलीकडच्या कडेवर, चार बोटं दिसली.

लहान होती. पालथी, एकमेकांना चिकटवून नीट समोर धरलेली, जशी सांगितल्याशिवाय कुणी धरत नाही. मधल्या दोन बोटांची पेरं सुजून गुळगुळीत झालेली. बोटांच्या पलीकडे स्टुलावर काय होतं ते बघायला सरांना मान फक्त थोडी वर करायची होती. त्यांनी ती केली नाही. त्यांनी वहीत बघितलं.

त्या क्षणी त्यांना वाटलं की हे सगळं मिटवायचा एक सोपा उपाय आपल्या हातात आहे. ही मुलगी रोज परत का येते? मार्क पुरे पडत नाहीत म्हणून. पुरे मार्क द्यावेत. पोरांना आणखी काय हवं असतं? ऐकायची गरजच काय.

लाल पेनानं त्यांनी त्रेचाळीसपुढे लिहिलं, दहापैकी दहा. शेजारी शेरा लिहिला, निर्दोष. खाली रेघ मारली. रेकॉर्डिंग त्यांनी लावलंच नाही.

मान वर केली तेव्हा टेबलाची कड मोकळी होती. बोटं कधी मागे गेली ते कळलं नाही. त्यांनी वहीचा फोटो काढला आणि पाठवून दिला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच न ऐकता तपासलं होतं, पण सुटल्यासारखं वाटत होतं. एवढं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

सकाळी उठल्यावर कसलीशी टोचणी लागली म्हणून त्यांनी ते रेकॉर्डिंग उघडायचा प्रयत्न केला. फाइल होती. वेळ शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

७

त्या दिवशी रेकॉर्डिंगं बेचाळीस आली. नंतरही बेचाळीसच येत राहिली.

चवथीला पाच दिवस होते. अंगणात गणपतीवर टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट धुऊन वाळत टाकली होती, ऋतिकाच्या खोलीत नवी चादर पडली होती. दुपारी फोन वाजला. विनोदिनीबाईंनी घाईघाईनं पिठाचे हात पुसले आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. "बाय? आवाज इलो गो तुजो?"

"हो, आई," ऋतिका म्हणाली. "माझा आवाज आता पूर्णपणे बरा झाला आहे."

आवाज लख्ख होता. कुठे घोगरेपणा नाही, कुठे श्वास तुटत नाही. विनोदिनीबाई हसल्या. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. या घरात असं पुस्तकातलं मराठी कुणी बोलत नसे. ऋतिका तर कधीच नाही.

"इथलं हवामान छान आहे. मुलं फार हुशार आहेत. पालक समाधानी आहेत. मी माझं तिकीट रद्द केलं आहे. या वर्षी मला येता येणार नाही." प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. सगळीकडे सारखं, मोजून.

"अगो पण तू सांगूचा म्हणी होतंस, तां?"

"मला काहीही सांगायचं नाही, आई."

विनोदिनीबाईंनी फोनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "काय केलास तुमी?" त्यांनी विचारलं. उत्तराला थांबल्या नाहीत. फोन सरांच्या हातात कोंबून त्या लेकीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

सरांनी फोन कानाला लावला. "ऋतिका," ते म्हणाले. "बाय माजे. मी आयकतंय. तुका काय सांगूचा आसा तां सांग. धा मिन्टां सांग, दिसभर सांग. मी मधी बोलूचंय नाय."

"तुम्ही नेहमीच नीट ऐकता, बाबा. मी तुमची आभारी आहे."

"तसा नको गो. गाळी घाल माका. रड."

"मी आनंदात आहे."

सर टेबलाला धरून खुर्चीत बसले. समोरचं स्टूल रिकामं होतं, खरोखरच रिकामं, आणि ते तसंच राहणार हे त्यांना आता कळलं होतं. जी रोज येऊन परत परत वाचत होती, ती त्यांचं ऐकायला नव्हे तर स्वतःचं सांगायला येत होती, आणि त्यांनी तिला पास करून घरी पाठवलं होतं.

"एक चूक कर गो," ते म्हणाले. म्हातारपणी पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "एकच. खयतरी अडखळ. एक शब्द चुक. तुज्या पायां पडतंय, बाय, एक चूक कर."

पलीकडे ती थांबली. मोजून दोन ठोक्यांएवढी.

"माझा वर्ग सुरू होत आहे," ऋतिका म्हणाली. "मुलं माझी वाट पाहत आहेत. तुम्ही दोघांनी प्रकृतीची काळजी घ्या."

तिनं फोन ठेवला नाही. थोडं थांबून ती पुढचं वाक्य बोलली, मग त्याच्या पुढचं, आणि सर फोन कानाशी घट्ट धरून प्रत्येक शब्द ऐकत राहिले, तिची एखादी तरी चूक सापडते का ते बघत.